येते मी

घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, हे मराठी पोरीला शिकवावं लागत नाही. चुकून तोंडातून गेलंच, तर आतून कुणीतरी ओरडतं, "जाते काय? येते म्हण." मग पायात चपला सरकवत माणूस 'येते' म्हणतं आणि चालायला लागतं. त्यात परत येण्याचा बेत असेलच असं नाही. कडाकडा भांडून निघालेली बाईसुद्धा उंबऱ्यात 'येते' म्हणून जाते, आणि घरातलं कुणी तिच्यासाठी चहाचं आधण ठेवत नाही. पण हे सगळं ऐकणाऱ्यालाही मराठी येत असेल तर.

या गोष्टीतली पोरगी आता कादंबऱ्या लिहिते. ज्या परक्या देशात वाढली तिथल्याच भाषेत लिहिते आणि लोक मन लावून वाचतात. मुलाखत घेणारे तिला हमखास विचारतात, पहिलं काय लिहिलंत? ती शाळेच्या मासिकातल्या कुठल्यातरी गोष्टीचं नाव सांगून मोकळी होते. ते खरं नाही. तिने पहिलं जे रचलं ते कागदावर नव्हतंच. ते जिन्याखालच्या एका दारात उभं राहून, पाठीला दप्तर असताना रचलं होतं, आणि तेही भीतीपोटी.

तेव्हा ती दहाएक वर्षांची असेल. बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, चार दिवस बाहेर तर एक दिवस घरी, आणि तो एक दिवसही अंथरुणात. आई घरी बसून पडदे शिवायची. एका दुकानाची गाडी कापडाचे गठ्ठे आणून टाकायची आणि तयार पडदे घेऊन जायची. मशीन जुनं, वजनदार, विजेवर चालणारं. पायाखालची कळ दाबली की अख्खी खोली थरथरायची. त्या देशात आल्यापासूनचं हे त्यांचं तिसरं घर होतं. पहिलं ओलीने सोडलं, दुसरं मालकाच्या भावाला हवं होतं म्हणून. प्रत्येक घराबरोबर शाळा बदलली आणि प्रत्येक नव्या शाळेत पोरगी पुन्हा मुकी झाली. भाषा तिला येत होती, पण बोलायला माणूस लागतं. या शाळेत एक मुलगी आपण होऊन तिच्या बाकावर येऊन बसली होती. तेवढ्यासाठी पोरीने मनाशी पक्कं केलं होतं की आता इथून हलायचं नाही.

आईला तिथली भाषा अजिबात येत नव्हती. बापाला रस्त्यापुरती यायची. म्हणून दुकानात, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे बोलायचं काम पोरीकडे. बापाने तिला 'पोपट' नाव ठेवलं होतं आणि नियमही घालून दिला होता. "ऐकलंस तेवढंच सांगायचं, पोपटा. पदरचं काही घालायचं नाही. दुभाष्याने अक्कल चालवली की दोन घरं बुडतात." पोरगी नियम पाळायची. संध्याकाळी मात्र तिला सूट असायची. आई पडद्यांना टीप मारत असायची आणि पोरगी दिवसभर बाहेर काय काय झालं ते सांगायची. आई ऐकतेय की नाही ते कळायचं नाही. पण एखादी गोष्ट रंगली की मशीन थांबायचं, आई मान वर न करता म्हणायची, "मग?" त्या एका 'मग'साठी पोरगी दिवसभर डोळे उघडे ठेवून हिंडायची.

घरमालकीण खाली राहायची. म्हातारी, उंच, गुडघ्यांनी हैराण, एकटी. आई तिला नुसतं 'खालची' म्हणायची आणि फार राग आला की 'खालची भवानी'. मशीन सुरू झालं की खालून छताला झाडूचा दांडा आपटायचा. ठक, ठक. आई वरून पाय आपटायची. बरेच दिवस दोघींचं बोलणं एवढंच होतं.

एका दुपारी म्हातारीने दोघींना खाली बोलावलं. दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"तुझ्या आईला सांग," ती पोरीला म्हणाली, "सकाळपासून ते यंत्र माझ्या डोक्यावर चालतं. एक तर ते जाईल, नाहीतर तुम्ही. महिना संपेपर्यंत."

पोरीने जसंच्या तसं सांगितलं. आईचा चेहरा लाल झाला.

"म्हणावं, मशीन काय हौसेने चालवते मी? म्हणावं, तिच्या छतात जीव नाही त्याला मी काय करू? इतकी शांतता हवी असेल तर म्हणावं, मसणात जाऊन राहा. तिथे कुणी शिवत नाही. आणि म्हणावं, झाडू आपटून आपटून वरची फरशी हलवलीस, ती कोण भरून देणार? सांग तिला!"

पोरीने म्हातारीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर तो बाक आला.

"आई म्हणते, ती बघेल काय करता येतं ते," ती म्हणाली.

"एवढंच?" आई फणकारली. "मी एवढं बोलले आणि तुझं एका दमात भागलं?"

"त्यांची भाषा आखूड आहे," पोरगी म्हणाली.

आईला ते पटलं की नाही कोण जाणे. ती तरातरा वळली, जिन्याची पहिली पायरी चढली आणि मागे न बघता, दात-ओठ खात, जन्माच्या सवयीने म्हणाली, "येते मी!"

"आता काय म्हणाली?" म्हातारीने विचारलं.

पोरगी थकली होती. सुटका झाली म्हणून तिचं लक्षही उडालं होतं. पोपटासारखं तिने सांगून टाकलं, "म्हणाली, मी येते."

"येते? इथे? माझ्याकडे?" म्हातारीचा आवाजच बदलला. "आज?"

वरून आईची हाक आली. पोरीने घाईघाईत मान डोलावली आणि जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेला निघाली तर खालचं दार उघडं. आत टेबलावर दोन कप बशीत पालथे घातलेले, नाजूक, सोनेरी कडेचे. बिस्किटांच्या ताटलीवर इस्त्रीचा रुमाल. दोन खुर्च्या समोरासमोर ओढून ठेवलेल्या. हे सगळं कालचं होतं. म्हातारीच्या अंगावर चांगला झगा होता आणि तो बसून बसून चुरगळलेला होता.

"तुझी आई आली नाही," ती म्हणाली.

राग असता तर पोरीला सोसला असता. मोठ्यांचे राग तिने दोन्ही भाषांत ऐकले होते. पण म्हातारी ते वाक्य असं बोलली, जसं एखादं लहान मूल बोलतं. काल आपल्या तोंडून काय गेलं ते पोरीला तिथे, त्या क्षणी कळलं. खरं सांगितलं तर या बाईचा अपमान होणार आणि मग महिनाही थांबायला नको. आणि खरं काय होतं? खरं असं होतं की 'येते'चा अर्थ येते असा नसतोच. हे तिला कुठल्या शब्दांत सांगायचं?

"आईला काल ताप आला," पोरगी म्हणाली. "ती म्हणाली, त्यांना सांग की मला फार वाईट वाटलं. ती आज येणार आहे."

पदरचं घातलेलं तिचं हे पहिलं बोलणं. शाळेत तिचं दिवसभर लक्ष लागलं नाही. आल्या आल्या ती आईला म्हणाली, "खालच्या बाईंनी तुला चहाला बोलावलंय."

"विष घालायला?"

"कालचं त्यांना लागून राहिलंय म्हणाल्या."

"असं म्हणाली ती?" आईने दाताने दोरा तोडला. "तोंडावरून तर वाटली नाही." पण थोड्या वेळाने तिने मशीन बंद केलं आणि आरशासमोर उभी राहून केस विंचरले.

दोघी समोरासमोर बसल्या आणि पोरगी मध्ये स्टुलावर. पहिल्या घोटालाच म्हातारी म्हणाली, "ही माझ्या भिंतींकडे अशी का बघते? विकत घ्यायच्यात का?"

"भिंतींचा रंग आवडला का विचारतायत," पोरगी आईला म्हणाली.

"हा रंग? आमच्या विहिरीवर शेवाळ असायचं, तसला आहे."

"आई म्हणते, तिच्या घरामागे विहीर होती, तिथे असाच हिरवा रंग असायचा. तिला घराची आठवण आली."

म्हातारीने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा आईकडे नीट पाहिलं. "विचार तिला, विहीर खोल होती का?"

आईलाही नवल वाटलं. या देशात येऊन तिला विहिरीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. ती बोलायला लागली. रहाटाचा आवाज, पाण्यात पडलेली पितळी कळशी, ती काढायला गळ टाकून बसलेले मामा. यातलं एक अक्षरही पोरीला बदलावं लागलं नाही. पळावं लागलं ते आईच्या वेगाने.

त्या एका चहात पोरीला जे कळलं त्यासाठी लोक पुढे वर्ग भरवतात आणि शिकवणाऱ्यालाच ते येत नसतं. खोटं बोलायचं तर ते त्या माणसाच्या आतलंच असावं लागतं. आईच्या तोंडी गोड गोड काहीतरी घातलं असतं तर म्हातारीने ओळखलं असतं. शेवाळ खरं होतं, विहीर खरी होती. आई रागावलेली नसती तर काय बोलली असती, एवढंच शोधायचं होतं, आणि ते शोधायला आईकडे आधी कधी पाहिलं नव्हतं तसं पाहावं लागत होतं. म्हातारीकडेही.

निघताना आईची नजर कपाटावरच्या फोटोवर गेली. त्यात वेणी घातलेली एक मुलगी होती.

"माझी लेक," म्हातारी म्हणाली. "भांडली माझ्याशी. दारात उभी राहून म्हणाली, जाते. आणि गेली."

पोरीने ते जसंच्या तसं सांगितलं. आई फोटोकडे बघतच म्हणाली, "म्हणावं, पोरी अशाच असतात. येईल."

"आई म्हणते, येईल ती." यातही पोरीने काही घातलं नाही. काही बोलण्याला हात लावायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिने लावला नाही.

मग हळूहळू सगळं जमत गेलं. पोरीने खाली सांगितलं, तुमची झोप मोडते म्हणून आईला चैन पडत नाही, मशीनखाली घालायला जाड काही मिळेल का? म्हातारीने लेकीच्या खोलीतला गालिचा काढून दिला. पोरीने वर सांगितलं, गालिचा त्यांनी आपण होऊन दिलाय. झाडूचे ठोके बंद झाले. महिना संपला आणि घर सोडायचा विषय कुणी काढला नाही. 'खालची भवानी'ची 'खालची' झाली, 'खालची'ची 'खालच्या बाई', आणि एक दिवस आई सहज म्हणून गेली, "आमच्या ताईंना थोडं नेऊन दे गं."

आई दुपारची एकटीच खाली जाऊन बसायला लागली. आधी खाणाखुणा, मग एकेक शब्द. सुई, कात्री, पाणी, गुडघा. वर्षभरात ती तोडकं मोडकं बोलायला लागली. पोरीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिला घाम फुटायचा. दोघी आता तिच्याशिवाय बोलणार, आणि कधीतरी एक दुसरीला म्हणणार, तू त्या दिवशी असं म्हणाली होतीस ना? आणि दुसरी म्हणणार, मी? कधी? मग सगळं उसवणार. शाळेतून येताना ती खालच्या दाराशी थांबून कान द्यायची. आतून हसणं ऐकू यायचं, कधी नुसती शांतता. शांततेची तिला जास्त भीती वाटायची. रात्री ती पांघरुणात तोंड घालून देवाला म्हणायची, आईला ही भाषा अजून थोडे दिवस येऊ देऊ नकोस. असं मागणारी लेक किती पापी, हेही तिला कळत होतं.

पोरगी सातवीत असताना म्हातारी न्हाणीघरात पडली. धप्प आवाज आईने मशीनवर बसल्या बसल्या ओळखला आणि हातातला पडदा टाकून ती जिना उतरली. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून आणल्यावर आई दोन्ही वेळा तिला उठवायची, बसवायची, अंग पुसायची. लेक आली नाही. भाचा आला. भला माणूस होता, पण घाईत होता. दूरच्या गावी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक जागा त्याने बघून ठेवली होती. घर विकायचं ठरलं. वरच्या बिऱ्हाडाला त्याने जरा मुदत दिली, वाईट वागला नाही.

म्हणजे ज्यासाठी पोरीने हा सगळा उद्योग केला होता, ते घर शेवटी सुटलंच. ते कळलं तेव्हा तिला पहिल्यांदा बाकाची आठवण आली नाही. खाली आता दोन खुर्च्या समोरासमोर नसतील, एवढंच मनात आलं आणि ती जिन्यात बसून रडली.

न्यायच्या दिवशी भाच्याने गाडी दाराला लावली. म्हातारीला उशीचा आधार देऊन पुढच्या सीटवर बसवलं. आई काचेशी उभी राहिली आणि पोरगी नेहमीच्या सवयीने दोघींच्या मध्ये सरकली.

"तू बाजूला हो," आई म्हणाली. "आज मी बोलते."

आणि ती बोलली. तिथल्या भाषेत, अडखळत, क्रियापदांची वाट लावत. "त्या दिवशी, पहिल्या दिवशी, मी वाईट बोलले. फार वाईट. मी येते म्हणाले नाही. म्हणजे म्हणाले. पण आमच्यात जाताना येते म्हणतात. मी येणार नव्हते. मुलीने... मुलीने चांगलं केलं ते."

आईला ठाऊक होतं. कधीपासून?

म्हातारी हसली. तिला हसतानाही दुखत होतं.

"मी जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात बसले," ती म्हणाली. "लोकांचे फोन जोडून द्यायचे, आवाज ऐकत राहायचे. तुझा आवाज शिव्या देत होता आणि ही म्हणत होती, आई बघेल काय करता येतं ते." तिने काचेतून हात बाहेर काढून पोरीच्या गालाला लावला. "मला कळत होतं. पण ताप आला म्हणाली ना, तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी कुणीतरी बसून एवढं रचलं. मग मी आधण ठेवलं."

पोरीला मान वर करवेना.

भाच्याने गाडी सुरू केली. म्हातारीने आईचा हात हातात घेतला, दाबला, आणि एक शब्द बोलली. तिच्या भाषेतला नव्हता तो. दुपारी निघताना, रोज, आई दारात जो शब्द टाकून जायची, तो.

"येते," म्हातारी म्हणाली.

आपल्यात त्याला एकच उत्तर असतं. आईने ते दिलं. "या."

"काय म्हणाली ती?" भाच्याने म्हातारीकडे खूण करत पोरीला विचारलं.

पोरीकडे आता असल्या वेळेला वाक्यांचा तोटा नव्हता. पण तिने पहिल्या दिवशीसारखंच, शब्दाला शब्द, सांगून टाकलं. "म्हणाल्या, मी येते."

भाच्याने आरशात पाहिलं. "आता कुठली येते ती," तो हळूच म्हणाला, कुणाला उद्देशून नाही, आणि गाडी पुढे घेतली.

गाडी कोपऱ्यावर वळली. मागचा लाल दिवा एकदा लागला आणि दिसेनासा झाला. आई हात तसाच अर्धवट वर धरून उभी होती.

"काय म्हणाला गं तो?" तिने विचारलं.

पोरीने आईकडे पाहिलं. ते वाक्य सरळ होतं, लहान होतं, आणि आई तेव्हा दोनच हात लांब उभी होती. तिला शब्दन् शब्द कळला होता. गाल ओले झाले होते ते कशाने? तरी ती विचारत होती, आणि उत्तरासाठी थांबली होती.

"म्हणाला," पोरगी म्हणाली, "हाड जुळलं की त्या काठी घेऊन चालायला लागतील. मग मी त्यांना इकडे घेऊन येईन, दिवसभरासाठी."

आईने पदराने तोंड पुसलं. खालच्या दाराला आता कुलूप होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती बसली आणि पोरीला बसायला शेजारी जागा केली.

"मग?" आई म्हणाली.